सपाट जमीन सांगलीलाही आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं, परदेशी शिकायला गेलेल्या पोरांबद्दल. बाबांनी त्या कात्रणाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली नुसता एक हसरा इमोजी, म्हणजे मला काय कळायचं ते कळलं. काकांचं म्हणणं असं की ही पोरं आईबापाच्या पैशानं तिकडं जातात, सायकलवर हिंडतानाचे फोटो टाकतात, अभ्यास कधी करतात देव जाणे, आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतात की बघा इथं कसे सगळे सायकल चालवतात. तिकडं सायकल चालते कारण हवा थंड, जमीन सपाट आणि माणसं जात्याच शिस्तीची, आपल्याकडं ते जमायचं नाही, विषय संपला. काका, तुम्ही कोण ते मला माहीत नाही आणि राग तर अजिबात नाही, पण मी त्याच फोटोवाल्यांपैकी एक आहे त्यामुळं उत्तर देणं आलं.

मी मूळची विश्रामबागची. सांगलीतच सिव्हिल केलं, दोनेक वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचं एमएस्सी करतेय. विषय का निवडला हे सांगलीच्या माणसाला सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी कॉलेजला होते आणि मावशीच्या घरातलं सामान माळ्यावर चढवत होते. डेल्फ्ट म्हणजे हेग आणि रॉटरडॅमच्या मधलं लाखभर वस्तीचं गाव, आजूबाजूची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली. पाण्याचं शिकायचं तर जायचं कुठं, इथंच.

पैशाचा मुद्दा आधी संपवते. युरोपबाहेरच्या मुलांना फी वर्षाला वीस हजार युरोच्या वर आहे, युरो शंभर रुपयांच्या आसपास फिरतोय, गुणाकार काकांनी करावा. माझं एज्युकेशन लोन आहे आणि त्याला बाबांची सही आहे हे खरं. नोकरी करायची तर टर्म चालू असताना आठवड्याला १६ तासच करता येते, त्याच्या वर परवानगी नाही. इथल्या पोरांना सरकारकडून प्रवासाचा पास मिळतो, आम्हाला नाही, आणि डेल्फ्टमध्ये खोली मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणून मी शेजारच्या राइस्वाइकला राहते. तिथून कॉलेज सहा-सात किलोमीटर, रोज ट्रामनं जायचं म्हटलं तर महिन्याची भाजी त्यात जाईल. त्यामुळं फोटोत दिसणारी सायकल ही हौस नाही, ती माझी एसटी आहे.

आता अभ्यास. इथं वर्षाचे चार क्वार्टर असतात, प्रत्येक क्वार्टर साधारण दहा आठवड्यांचा, शेवटचे दोन आठवडे परीक्षेचे. एका क्वार्टरला १५ क्रेडिट आणि एका क्रेडिटला २८ तास काम धरलेलं असतं, म्हणजे आठवड्याला ४२ तास झाले, आणि हे नुसतं कागदावरचं नाही बरं का, खरंच लागतात, पायथन (कॉम्प्युटर प्रोग्रामिंगची भाषा) येत नसेल तर जास्तच लागतात. पहिलं लेक्चर पावणेनऊला. डिसेंबरमध्ये इथं सूर्यच पावणेनऊच्या आसपास उगवतो, त्यामुळं सोमवारी सकाळी मी निघते तेव्हा चक्क रात्र असते. पुढं पांढरा दिवा मागं लाल दिवा, डोक्याला कानटोपी, पाठीवर सॅक, डब्यात पोळीभाजी (ती रविवारी रात्री करून ठेवलेली असते, बुधवारनंतर ब्रेड आणि चीज, इथल्यांसारखंच), आणि कालव्याच्या कडेनं जी लाइन लागते सायकलींची, शाळेची पोरं, बँकेतली माणसं, पुढच्या पेटीत दोन लेकरं घालून निघालेली एखादी बाई, आमचे प्राध्यापक पण त्यातच असतात आणि पावसाळी पँट चढवलेली असली की ओळखू येत नाहीत. वर्गात त्यांना नावानंच हाक मारायची असते. सर म्हटलं की कसंनुसं हसतात.

मार्क दहापैकी, सहाला पास. सात मिळाले की इथली पोरं खूश असतात. पहिल्या परीक्षेनंतर मी घरी फोनवर सात म्हणून सांगितलं तर आईनं विचारलं, सातवा नंबर आला का.

पण काकांचा खरा मुद्दा दुसरा आहे, हवा जमीन आणि शिस्त, त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हे मी आपल्याकडं इतक्या लोकांकडून ऐकलंय की ते सगळ्यांना पाठ झालंय असं वाटतं.

हवेचं घ्या. थंड आहे, मान्य. पण थंडीपेक्षा इथं वारा आहे. समुद्र जवळ, मधे डोंगर नाही टेकडी नाही झाड पण बेताचंच, आणि वारा असा काही येतो की सातव्या किलोमीटरला पायडल मारून मारून मांड्या भरून येतात आणि शेजारून सत्तरीची आजी मजेत पुढं निघून जाते (ई-बाइक असते तिची, हे मला उशिरा कळलं). जाताना समोरून वारा असतो, म्हणून वाटतं येताना तरी पाठीवर घेऊ, तर संध्याकाळपर्यंत त्यानं दिशा बदललेली असते. या लोकांनी त्याचीही स्पर्धा काढलीय, वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा, गंमत नाही खरंच, २०१३ पासून आहे. ओस्टरस्केल्डच्या समुद्री बांधावर साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना सारखी बिनगिअरची साधी सायकल, आणि स्पर्धा कधी तर वादळाचा अंदाज आला की. आणि पाऊस. आपला पाऊस येतो तेव्हा येतो आणि मग काही महिने जातो तरी. इथं तो बाराही महिने थोडा थोडा पडतच असतो, पोरं मोबाइलवर रडार बघून पाच-पाच मिनिटांचा हिशोब करून वर्गातून निघतात आणि तरीही भिजतात. जगात सायकलला हीच हवा योग्य असं कुणी म्हणत असेल तर त्यानं नोव्हेंबरमध्ये माझ्याकडं राहायला यावं, चहा मी देईन.

शिस्तीचं तर विचारूच नका. इथली कॉलेजची पोरं तिघं-तिघं समांतर गप्पा मारत जातात, दिवा न लावता जातात, सिग्नल रिकामा दिसला की लाल असला तरी जातात. गुरुवारी रात्री पार्टी करून एकजण चालवतोय आणि एकजण कॅरिअरवर बसून गादी धरून बसलाय हे मी डोळ्यांनी बघितलंय, गादी म्हणजे झोपायची अख्खी गादी. डबलसीट इथं चालतं, आपल्या आजोबांच्या काळात त्यावरनं पोलिस पकडायचा तसं काही नाही. सायकलवर मोबाइल हातात धरायचा नाही असा कायदा २०१९ च्या जुलैपासून आला, दंड दीडशे युरोच्या वर आहे, तरी पोरं धरतात. आणि चोरी. सायकल चोरी हा इथला राष्ट्रीय छंद आहे. माझी सायकल सेकंडहँड, लेडीज सायकल म्हणतात ना आपल्याकडं तसली, काळी, उंच हँडलची, मागं पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो (सुरुवातीला चालता चालता सहज पाय मागं घ्यायची सवय नडते), साडेसहा फुटी बाप्ये पण इथं असलीच चालवतात. तिला एक कुलूप चाकाला आणि एक जाड साखळी खांबाला, आणि साखळीची किंमत ऐकून बाबा म्हणाले यात आमच्या वेळी सायकल यायची.

तर शिस्त जन्मजात वगैरे काही नाही. मग काय आहे? रस्ता आहे. सिव्हिलवाली असल्यामुळं मी बाकी काही बघत नाही, खाली बघत चालते, त्यामुळं हे सांगू शकते.

एकच जागा सांगते, माझ्या रोजच्या वाटेवरची. मोठ्या रस्त्याला एक गल्ली येऊन मिळते. आपल्याकडं अशा ठिकाणी काय होतं, फुटपाथ संपतो, ट्रॅक असलाच तर तोही उतरतो, सायकलवाला खाली येतो, गाडी गल्लीतून तशीच सरळ तोंड बाहेर काढते आणि हॉर्न वाजवते. इथं उलटं आहे. फुटपाथ आणि सायकलचा लाल डांबरी पट्टा दोन्ही आपल्या उंचीवर सरळ पुढं जातात, जणू गल्ली नाहीच तिथं, आणि गल्लीतून येणाऱ्या गाडीला उतरत्या कडेच्या दगडावरून वर चढावं लागतं, पट्टा ओलांडावा लागतो आणि पलीकडं परत उतरावं लागतं. चढताना गाडीचा वेग आपोआप मरतो. ड्रायव्हर सज्जन असो नसो, घाईत असो नसो, त्याला त्याचं सस्पेन्शन प्यारं असतं. तिथं पाटी नाही, पोलिस नाही, सावकाश जा घरी कुणीतरी वाट बघतंय अशी कविता नाही. एक दगड आहे, तिरका. जिथं असा उंचवटा नसतो तिथं रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, टोक ज्याच्याकडं त्यानं थांबायचं, त्यांना इथं शार्कचे दात म्हणतात. सिग्नलला सायकलवाल्यांसाठी वेगळं बटण, आणि ते खांबावर अशा उंचीला की सायकलवरून न उतरता कोपरानं पण दाबता येतं.

अजून एक गोष्ट जी बघून मी पहिल्या महिन्यात रस्त्यातच उभी राहिले होते. आतल्या वस्तीतले रस्ते डांबरी नाहीतच, विटांचे आहेत. पाइपलाइन टाकायची असली की दोन माणसं येतात, विटा काढून कडेला रचतात, खणतात, पाइप टाकतात, वाळू दाबतात आणि त्याच विटा परत बसवून जातात. दुसऱ्या दिवशी कुठं खणलं होतं ते दाखवता येत नाही. यामागं काही थोर संस्कृती नाहीये, इथली जमीन मऊ, सतत बसते खाली, त्यामुळं उचलून परत घालता येईल असाच रस्ता परवडतो. पण फायदा असा की विटांवर गाडी जोरात घातली की खडखडाट होतो, मग चालवणारा आपणहून हळू जातो. आपल्याकडं नवीन डांबर पडलं की आठवड्यात कुणीतरी खणायला येतं आणि मग तो चर वर्षभर तसाच, सायकलचं पुढचं चाक त्यात गेलं की काय होतं ते आपल्याकडच्या सगळ्याच पोरांना माहीत आहे.

आणि हे सगळं इथं शिवाजी महाराजांच्या काळापासून नाहीये हो काका. हे माझं सगळ्यात लाडकं प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथंही घरोघरी गाड्या आल्या, रस्ते रुंद झाले, कालवे बुजवले, जुनी घरं पाडून गाड्यांना वाट केली, सायकलवाले कमी कमी होत गेले. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यावर ३३०० च्या आसपास माणसं मेली, त्यातली चारशेच्या वर लहान मुलं होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकार बापानं १९७२ ला पेपरात लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं मुलांचे खून थांबवा, आणि त्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांना घेऊन रस्त्यात बसले, रस्ते अडवले, चौकात टेबलं मांडून जेवले. लगेच पुढच्या वर्षी तेलाचं संकट आलं, पेट्रोल मिळेना, तर सरकारनं रविवारी गाड्या बंद केल्या, पहिला तसला रविवार ४ नोव्हेंबर १९७३. रिकाम्या हायवेवर लोक सायकली घेऊन आले, स्केटिंग करायला लागले, आणि बघितलं सगळ्यांनी की अरे असंही असू शकतं. १९७५ ला सायकलवाल्यांची संघटना झाली आणि ती आजपर्यंत प्रत्येक वाईट चौकाची तक्रार करत असते.

डेल्फ्टचा तर यात थेट हात आहे. गाड्यांनी चालत्या माणसाच्या वेगानं जायचं आणि पोरांनी रस्त्यातच खेळायचं असली गल्ली पहिल्यांदा याच गावात साठच्या दशकाच्या शेवटी केली, १९७६ ला ती कायद्यात आली. मग १९७९ ला गावानं अख्ख्या शहराचा सायकल आराखडा केला. एखाद-दुसरा शोभेचा ट्रॅक नव्हे, तीन जाळी एकावर एक, शहराचं मोठं जाळं चार-सहाशे मीटरवर, त्याच्या आत वॉर्डाचं दोन-तीनशे मीटरवर, त्याच्या आत गल्ल्यांचं शंभर-दीडशे मीटरवर, आणि मुख्य काम कुठलं तर जिथं जिथं धागा तुटत होता, कालवा आडवा, रेल्वे आडवी, हायवे आडवा, तिथं पूल नाहीतर भुयार करून तो जोडायचा. काम ऐंशीच्या दशकात झालं. म्हणजे मी ज्या वाटेनं रोज जाते ती माझ्या आईच्या वयाची आहे, जास्त नाही.

कायदा पण आहे. मोटारनं सायकलवाल्याला धडक दिली तर नुकसानभरपाई साधारण मोटारवाल्याच्याच अंगावर येते, सायकलवाल्याची थोडी चूक असली तरी, आणि चौदा वर्षांखालचं मूल असेल तर बहुतेक पूर्णच. हे ऐकून पुण्यातला माझा एक जुना कलीग म्हणाला हा अन्याय आहे. त्याच्याकडं एसयूव्ही आहे.

तर आता सांगली. जमीन सपाट असते म्हणे तिकडं. काका, आपल्याकडं काय घाट चढून मार्केट यार्डात जावं लागतं का? सांगलीहून मिरजेपर्यंत रस्ता असा सपाट आहे की पाणी कुठं जायचं तेच त्याला कळत नाही, आणि आमच्या पुराचं निम्मं दुखणं ते आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून पाच लाखांवर वस्ती, पण घर ते शाळा, घर ते कॉलेज, घर ते एमआयडीसी बहुतेकांचं अंतर माझ्या इथल्या रोजच्या वाटेपेक्षा कमीच असेल. आजोबा कारखान्यात सायकलवर जायचे, तेव्हा सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दिवा नसला की पकडायचे, आमच्या घरात तो पितळी बिल्ला अजून आहे कुठंतरी. म्हणजे सायकलचा कर घेण्याइतक्या सायकली होत्या गावात! त्या कुठं गेल्या, तर हवा बदलली नाही, जमिनीला चढ आला नाही. रस्ता बदलला.

उन्हाचं मात्र मी मान्य करते, एप्रिलमध्ये दुपारी दोनला सायकल चालवा असं सांगण्याचा निर्दयपणा मी करणार नाही. पण शाळा सकाळी असते, क्लास संध्याकाळी असतो, आणि त्या वेळेलाही पोरं सायकलवर दिसत नाहीत, आठवीतलं पोरगं गाडीवर दिसतं. कारण आईला भीती वाटते. माझ्या आईलाही वाटायची. मी अकरावीला सायकल मागितली तर ती नको म्हणाली, रस्ता बघितलास का, डंपर असतात, आणि मग मला लायसन्स निघायच्या आधीच गाडी मिळाली, ते जास्त सुरक्षित म्हणून. तीच आई आता रात्री अकराला मी लायब्ररीतून निघाले तरी फोनवर जेवलीस का एवढंच विचारते. मी बदलले नाही, अंधार तोच, उलट इथं ओळखीचं कुणी नाही. सरकार मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या वाडीवस्तीवरच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं, फार चांगली योजना आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण सायकल देऊन तिला ट्रकच्या बाजूला सोडायचं हे अर्धंच काम झालं ना.

पुण्यात असताना मी हट्टानं काही महिने ऑफिसला सायकलनं जायचे. तिथं तर २०१७ मध्ये मोठा आराखडाही मंजूर झाला, ट्रॅक पण आहेत. माझ्या वाटेवरचा ट्रॅक सुरू व्हायचा एका चकचकीत पाटीपाशी, पुढं एक विजेची डीपी, मग बस स्टॉपची मागची बाजू, मग चहाची गाडी आणि तिचे बाकडे, मग पार्क केलेल्या बाइक आणि मग अचानक एक फूटभर उंच कडा आणि संपला. लोक म्हणायचे बघा ट्रॅक करून दिले तरी कुणी वापरत नाही. डेल्फ्टच्या आराखड्यात ज्या धाग्याबद्दल सांगितलं तो हाच. तुटलेल्या ट्रॅकवर कुणी जात नाही हे सांगायला एमएस्सी लागत नाही.

राहिला रविवार, फोटोंचा वार. मार्चमध्ये जरा ऊन पडलं तेव्हा आम्ही वर्गातले चारपाच जण सायकलनं माएसलांटकेरिंगला, म्हणजे समुद्राचं पाणी अडवायच्या दरवाजांपाशी गेलो, डेल्फ्टहून वीसेक किलोमीटर. सायकलच्या वाटांना चौकाचौकात नंबर दिलेले असतात, घरून निघताना नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि एकामागून एक शोधत जायचं, मोबाइल लागत नाही. बाजूला कालवा, पण कालव्याचं पाणी शेतापेक्षा वर, शेतं खाली, गाई खाली, आपण वरून बघतोय, पहिल्यांदा बघितल्यावर माझं डोकंच फिरलं होतं, पाणी खालून पंपानं वर चढवून कालव्यात टाकतात आणि तिथून समुद्रात. हे काम ज्या पाणीमंडळाकडं आहे ते १२८९ पासून चालू आहे आणि त्याची जुनी इमारत डेल्फ्टमध्ये माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, त्याची वेगळी निवडणूक होते, वेगळी पट्टी भरावी लागते. माएसलांटकेरिंग म्हणजे रॉटरडॅमच्या जलमार्गावरचे दोन अजस्र दरवाजे, एकेक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, १९९७ ला पूर्ण झाले. समुद्राचं पाणी रॉटरडॅमला तीन मीटरवर जाणार असं दिसलं की कॉम्प्युटर ते बंद करतो. २०२३ च्या डिसेंबरमधल्या वादळात ते असे आपोआप पहिल्यांदा बंद झाले. हे सगळं १९५३ च्या पुरात १८३६ माणसं गेली त्यानंतरचं. तिथं गवतावर बसून डबे उघडले, मी भडंग नेला होता, जर्मन मुलीनं तिखट लागतंय म्हणत म्हणत संपवला, आणि तो फोटो मी टाकला. काकांनी बघितला असेल तर तोच असेल.

मला तिथं बसून वाटलं ते एवढंच की पुरात माणसं मेल्यावर यांनी मोजली आणि रस्त्यावर पोरं मेल्यावर तीही मोजली, आणि दोन्ही वेळेला हे आपल्याच्यानं होण्यातलं आहे असं धरून कामाला लागले. आमच्याकडं पूर ओसरला की भिंतीवर रेघ मारतात आणि खाली साल लिहितात. २००५, २०१९, २०२१. रस्त्यावर गेलेल्यांची तर रेघ पण नाही.

म्हणून पेपरकडं एक मागणी आहे. पुढच्या वेळी शंभर फुटी रोडचं किंवा सांगली-मिरज रस्त्याचं कुठलंही काम निघालं की टेंडर किती कोटींचं याच्या बातमीबरोबर त्याचं ड्रॉइंगही छापा, आडवा छेद काढलेला असतो त्यात, फूटपाथ किती, गाड्यांना किती, सायकलला किती, आणि गल्ली येऊन मिळते तिथं कोण चढणार कोण उतरणार. वाचकांना कळतं, आपल्याकडं सिव्हिलवाले घरटी एक आहेत. काम व्हायच्या आधी छापा फक्त, नंतर छापून उपयोग नसतो.

काकांचा शेवटचा प्रश्न होता की ही पोरं परत येणार आहेत का. काका, माझ्या थिसिससाठी कृष्णेचाच पट्टा घ्यायचा विचार चालू आहे. गाईड म्हणाले चांगला विषय आहे, तासातासाच्या पाणीपातळीचा डेटा आण. त्यासाठी मे महिन्यात सांगलीत येतेय. डेटा कुठल्या ऑफिसात कुणाकडं मागायचा हे तुम्हाला माहीत असेल तर संपादकांकडं निरोप ठेवा, तुमची गाठ पण घेईन.

आपली,
एक वाचक विद्यार्थिनी
(नाव छापू नये ही विनंती)
डेल्फ्ट, मूळ राहणार विश्रामबाग, सांगली